स्टॅकमधलं (धुराड्यातलं) पीएएच टेस्टिंग: सॅम्पलिंग झकास, रिपोर्ट मात्र मागून मागून घ्यावा लागला

आधी निकाल सांगतो, सॅम्पलिंगला 5 पैकी साडेचार आणि रिपोर्टला जेमतेम 2. लॅबचं नाव मुद्दाम टाकत नाहीये.

पीएएच म्हणजे बेंझीनच्या कड्या एकमेकींना जोडलेले हायड्रोकार्बन, अर्धवट जळणातून तयार होतात, आणि त्यातलं बेंझो-ए-पायरीन तर आयएआरसीच्या (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) ग्रुप 1 मध्ये आहे म्हणजे कॅन्सर करतं हे पक्कं. हातातल्या पीआयडी (गॅस मोजायच्या) मीटरवर हे काम भागत नाही, तो सगळ्या व्हीओसीचा (हवेत सहज उडणाऱ्या सेंद्रिय संयुगांचा) मिळून एकच आकडा दाखवतो आणि जड पीएएच धुळीच्या कणांवर बसून जातात त्याचा त्याला पत्ताच नसतो. म्हणून एवढा लवाजमा वर चढवायचा.

लॅबची पोरं कामाला पक्की होती. पोर्ट (स्टॅकला सॅम्पल घ्यायचं भोक) उघडायच्या आधी लीक चेक, रन संपल्यावर परत लीक चेक, काचेच्या जॉइंटला ग्रीस अजिबात नाही कारण ते सॅम्पलमध्ये उतरतं. प्रोब (स्टॅकमध्ये घालायची नळी) आणि फिल्टर 120 डिग्रीच्या आसपास गरम, आणि पुढे कंडेन्सरनंतर एक्सएडी-2 रेझिनच्या (वाफ शोषून धरणारे दाणे) ट्रॅपला गॅस 20 डिग्रीच्या खाली, बर्फ कमी झाला की लगेच एकजण टाकत होता. फिल्टरवर जड माल अडकतो आणि नॅफ्थलीनसारखं हलकं रेझिनमध्ये सापडतं, त्यामुळे दोन्ही लागतातच. आयसोकायनेटिक (म्हणजे स्टॅकमधल्या गॅसच्या वेगानेच सॅम्पल ओढणं) पण 90 ते 110 टक्क्यांत ठेवलं, जोरात ओढलं असतं तर जाडे कण नोझलला चुकवून गेले असते आणि आम्ही उगाच स्वच्छ दिसलो असतो 😀 शेवटी प्रोब धुतलेलं सॉल्व्हंटसुद्धा बाटलीत भरलं (बरेच जण इथे टंगळमंगळ करतात), ट्रॅपला उजेड लागू नये म्हणून फॉइल गुंडाळली.

आता रिपोर्ट. पहिल्यांदा आलं एक पान, त्यावर "टोटल पीएएच" म्हणून एकच आकडा! अरे, ह्याचं करायचं काय? टोटलमध्ये बहुतेक वेळा नॅफ्थलीनच भरलेलं असतं आणि ज्याची भीती ते बेंझो-ए-पायरीन त्यात दिसतच नाही. फोनाफोनी केल्यावर सोळा संयुगांचा तक्ता आला, त्यात बऱ्याच ठिकाणी "एनडी" (नॉट डिटेक्टेड, सापडलं नाही) आणि बेरजेत ते सरळ शून्य धरलेले, डिटेक्शन लिमिट (कमीत कमी किती असलं तर दिसेल तो आकडा) कुठेच नाही. लिमिटच मोठी असेल तर एनडीला अर्थ काय राहिला? फील्ड ब्लँकमध्येही (साइटवर नेलेलं पण स्टॅकचा गॅस न ओढलेलं कोरं सॅम्पल) नॅफ्थलीन निघालेलं, एक्सएडीमध्ये ते बऱ्याचदा निघतं त्यात विशेष नाही, पण ते शेवटच्या पानावर बारीक अक्षरात का?

लेबल्ड स्टँडर्डची रिकव्हरी (सॅम्पलमध्ये मुद्दाम टाकलेल्या खुणेच्या संयुगांपैकी किती परत सापडलं) मात्र मागितल्यावर मिळाली आणि बरी होती, म्हणजे जीसी-एमएसवाला (संयुगं वेगळी करून मोजायच्या मशीनवरचा) माणूस नीट काम करतोय, गोची रिपोर्ट टाइप करणाऱ्याकडे आहे. अमेरिकेच्या ईपीएने (पर्यावरण संस्था) 2023 मध्ये स्टॅक टेस्टिंगची मेथड 23 सुधारून त्यात पीएएच घेतलेत, रिपोर्टमध्ये काय काय हवं ते त्यात बघून वर्क ऑर्डरमध्येच लिहून टाका. पुढच्या वेळी ह्यांनाच बोलावणार आहे, पण तक्ता, लिमिट आणि ब्लँक हातात पडल्याशिवाय बिल पास करणार नाही.