हालचाल पाहावी की रेणू?

आमच्या चोपडा गावाकडे म्हैस उलटली, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर आली, की २१ दिवस वाया, चाराही वाया. म्हणून रेताची कांडी, म्हणजे रेड्याचं गोठवलेलं वीर्य भरलेली बारीक नळी, कशी पारखतात, हे महत्त्वाचं.

नेहमीची रीत सोपी: −१९६ अंशांच्या नायट्रोजनमधली कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, थेंब सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा. निम्मे शुक्राणू तरी पुढे पोहायला हवेत. स्वस्त, झटपट.

पण पोहणाऱ्याचाही डीएनए तुटलेला असू शकतो; डोक्यावरची टोपी, म्हणजे अ‍ॅक्रोसोम, फाटली असेल तर बीजांडात शिरणं अवघड. हे रेणूंच्या चाचण्या दाखवतात. वराहांत तर एचएसपी-९० प्रथिनाचं प्रमाण गोठवण्याआधीच गारठा सोसण्याची ताकद सुचवतं.

चाचणी महाग आहे. तरी ज्या रेड्याच्या हजारो मात्रा गावोगाव जाणार, त्याची ती व्हायलाच हवी. रोजच्या कांडीला हालचाल पुरे.