श्टुटगार्टची इनडोअर सायकलिंग जागतिक स्पर्धा: पी.टी.च्या मास्तरांच्या नजरेतून

डिसेंबर २०१६ मध्ये मी लेकीकडे जर्मनीत श्टुटगार्टला होतो आणि तिथल्या पोर्शे अरेनात इनडोअर सायकलिंगची जागतिक स्पर्धा भरली होती. यात हॉलमध्ये खेळायचे सायकलचे दोन खेळ असतात: आर्टिस्टिक सायकलिंग आणि सायकल-बॉल. मी शाळेत पी.टी. शिकवली, मुलांना मल्लखांबावर चढवलं. त्यामुळे कुठलाही खेळाडू दिसला की माझी नजर आधी त्याच्या मनगटांवर आणि खांद्यांवर जाते. या स्पर्धेनं ती नजर तृप्त केली.

आर्टिस्टिक सायकलिंग म्हणजे पाच मिनिटांत सायकलवर करायच्या कसरती. मैदान चौदा बाय अकरा मीटर. सायकलला ब्रेक नाही, फ्रीव्हील नाही. पायडल उलटं मारलं की सायकल मागे जाते. खेळाडू सीटवर उभा राहतो, मागच्या एकाच चाकावर गोल फिरतो, हँडलवर दोन्ही हात टेकून पाय सरळ वर नेतो, आणि तेवढ्या वेळात सायकल आपली वर्तुळात चालूच असते. मल्लखांबाचा खांब निदान जमिनीत घट्ट रोवलेला असतो, इथे खांबच पुढे निघालेला! सर्वांत कठीण वाटली ती माउटे उडी. सीटवर उभं असताना तिथूनच झेप घेऊन हँडलवर उभं राहायचं. जर्मन खेळाडू डीटर माउटे यांचं नाव तिला मिळालंय. उडी साधली की अख्खं सभागृह श्वास सोडतं.

गुणांची पद्धत जाण्याआधी समजून घ्या, नाहीतर निम्मी मजा जाईल. खेळाडू आपल्या कसरतींची यादी आधीच देतो. एकेरीत तीसपर्यंत कसरती, प्रत्येकीचे गुण ठरलेले. त्यांची बेरीज सुरुवातीलाच जाहीर असते आणि पंच चुकांचे गुण कापत जातात. म्हणजे आकडा फक्त खालीच येतो. शिक्षक म्हणून मला हे फार आवडलं: पोरानं आधी सांगायचं मी काय करणार, मग तेच करून दाखवायचं. त्या वर्षी पुरुष एकेरीत लुकास कोल यानं आपलं पहिलं जागतिक विजेतेपद मिळवलं. त्याची पाठ शेवटपर्यंत सरळ होती.

सायकल-बॉल अगदी वेगळा, आणि लहान मुलांना घेऊन गेलात तर ती यालाच चिकटतील. एका संघात दोघंच. चेंडू पुढच्या चाकानं मारायचा, हात लावायची मुभा फक्त गोल राखणाऱ्याला. पाय जमिनीला टेकला तर आपल्या गोलरेषेमागे जाऊन मगच पुन्हा खेळात यायचं. सात-सात मिनिटांचे दोन भाग, पण त्यात डोळे मिटायची सोय नाही. खेळाडू जागच्या जागी सायकल तोलून उभे असतात आणि क्षणात चाक झटकून फटका मारतात. हे सुचलं निकोलस कॉफमन नावाच्या जर्मन-अमेरिकन कसरतपटूला. चाकाखाली येणाऱ्या एका कुत्र्याला त्यानं पुढच्या चाकानं बाजूला सारलं आणि त्यातून १८९३ मध्ये खेळ उभा राहिला, असं सांगतात. चेकोस्लोव्हाकियातल्या ब्र्नो शहराचे पोस्पिशिल बंधू यात वीस वेळा जगज्जेते झाले.

बसायला लांब बाजूची, जरा वरची जागा घ्या. कसरतीतलं वर्तुळ पूर्ण दिसतं. गोलमागे बसलात तर दूरच्या बाजूचा खेळ नीट कळत नाही. उणीव एकच: पदकं बहुतेक जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड या शेजाऱ्यांतच फिरतात. आपल्याकडे मल्लखांबावर तयार झालेली लवचीक पोरं आहेत, सायकल-पोलो खेळणारीही आहेत. कुणी जिद्दी प्रशिक्षकानं हे मनावर घ्यावं, अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

स्पर्धा दरवर्षी शहर बदलते. जर्मनीत राहणाऱ्या आपल्या मंडळींनी मात्र तिची वाट बघत बसू नये. सायकल-बॉलचे लीग सामने तिथे गावोगावच्या क्लबांच्या हॉलमध्ये होतात. जवळचा क्लब शोधा आणि मुलांना घेऊन जा.