पाय ४ वर ४के ६० हर्ट्झ : सोलापुरात सात महिने चालवल्यानंतर

सेटअप असा: रास्पबेरी पाय ४ (तळहाताएवढा छोटा संगणक), ४ जीबी रॅम, ४३ इंची ४के टीव्ही, जागा नवी पेठेतलं चादर-टॉवेलचं घाऊक दुकान. नोव्हेंबर ते मेअखेर, रोज दहा-अकरा तास. पडद्यावर चादरींच्या डिझाइनचे व्हिडिओ, खाली सरकणारी भावाची पट्टी.

आधी निकाल. ४के ६० साठी (४के चित्र, सेकंदाला ६० वेळा) ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे चिप ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, हे खरं तर एकच ओळ. पुढचे आकडे चढवण्यात जातो तो वेळ आणि पैसा पॉवर सप्लाय, केबल आणि केसवर घाला.

४के टीव्ही जोडला की पाय ४ मुकाट्याने ३० हर्ट्झ निवडतो. व्हिडिओत ते फारसं जाणवत नाही, पण सरकती पट्टी ठेचकाळत जाते. ६० हर्ट्झला पिक्सेल क्लॉक ५९४ मेगाहर्ट्झ लागतो, म्हणजे सेकंदाला ५९.४ कोटी ठोके. चित्राचे थर जुळवून ते त्या वेगाने पुढे ढकलणारा भाग कोअर क्लॉकवर चालतो आणि नेहमीच्या ५०० मेगाहर्ट्झला त्याची दमछाक होते. पाय सुरू होताना वाचतो त्या कॉन्फिग फाइलीत 'एचडीएमआय_एनेबल_४केपी६०=१' लिहिलं की कोअर ५५० वर जातो. (टाइप करताना अर्थातच रोमन, या ओळीत सगळी लहान अक्षरं.) पायच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या बुकवर्म आवृत्तीपासून ही फाइल बूटच्या आत फर्मवेअर फोल्डरमध्ये असते; जुन्या जागी बदल करून 'काहीच होत नाही' म्हणणारे बरेच भेटतात. ५० हर्ट्झलाही पिक्सेल क्लॉक तेवढाच, म्हणून ही ओळ तिथेही हवी.

केबल पॉवरच्या टाइप-सी सॉकेटला लागून असलेल्या मायक्रो एचडीएमआयमध्येच लावा. दोन्ही पोर्टवर एकाच वेळी ४के ६० मिळत नाही. जुन्या लेखांतले एचडीएमआय ग्रुप आणि मोडचे आकडे आताच्या केएमएस ड्रायव्हरला (पडद्याचे मोड ठरवणाऱ्या भागाला) कळतच नाहीत. रिझोल्यूशन जबरदस्तीने ठरवायचं असेल तर कॉन्फिगशेजारच्या सीएमडीलाइन फाइलीत 'व्हिडिओ=एचडीएमआय-ए-१:३८४०एक्स२१६०एम@६०' घाला, तेही असलेल्याच ओळीच्या शेवटी, एक स्पेस सोडून. त्या फाइलीत एंटर मारायचा नाही.

इतकं करूनही टीव्ही ३० वरच अडला तर पायला दोष देण्याआधी टीव्हीचा मेनू बघा. सॅमसंगमध्ये 'इनपुट सिग्नल प्लस', सोनीत 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट'खाली 'एनहान्स्ड', एलजीत 'डीप कलर'; हे ज्या त्या पोर्टसाठी वेगळं चालू करावं लागतं. मग केबल. १८ गिगाबिट झेपणारी, दीड-दोन मीटरची, थेट मायक्रो एचडीएमआय टोकाची घ्या. छोटा अडॅप्टर आणि घरातली जुनी केबल ही जोडी ३० हर्ट्झला बिनतक्रार चालते. ६० ला पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात, नाहीतर चित्र दोन सेकंद जाऊन परत येतं. लोक हे ओव्हरक्लॉकचं लक्षण समजून व्होल्टेज वाढवत बसतात.

चित्राचा फरक मात्र पैसे वसूल करणारा. जेकार्डच्या चादरीचा काठ जवळून दाखवला की १०८० च्या आउटपुटला बारीक चौकटीत लहरी उठायच्या, जणू कापड हलतंय. ४के ला ताणा-बाणा सुटा दिसतो.

आता व्ही३डी, म्हणजे ज्याला सगळे जीपीयू म्हणतात तो भाग. मूळ वेग ५००. 'ओव्हर_व्होल्टेज=२' ठेवून ६०० ला महिनोन्महिने काही झालं नाही. ओव्हर_व्होल्टेजच्या आकड्याची एक पायरी ०.०२५ व्होल्टची. ६५० ला ४ लागलं. ७०० ला ब्राउझर उघडा असताना पडदा गोठायचा आणि डीमेसेजमध्ये (सिस्टीमच्या नोंदींत) 'रिसेटिंग जीपीयू फॉर हँग' दिसायचं. प्रत्येक बोर्डाची चिप वेगळी, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. 'जीपीयू_फ्रीक' वापरूच नका, तो कोअर आणि एच२६४, हेव्हीसी (एच२६५) या व्हिडिओ प्रकारांचे डिकोडर, सगळ्यांना एकदम ओढतो आणि नेमकं काय कोसळलं ते कळत नाही. फायदा किती? ब्राउझरमधली पट्टी थोडी गुळगुळीत. व्हिडिओला शून्य.

कारण व्हिडिओ उलगडण्याचं काम व्ही३डी करतच नाही. पाय ४ मध्ये ४के ६० चं हार्डवेअर डिकोडिंग फक्त हेव्हीसीसाठी आहे. एच२६४ ची मजल १०८० पर्यंत. व्हीपी९ आणि एव्ही१ या यूट्यूबच्या प्रकारांना हार्डवेअर नाहीच, म्हणून यूट्यूबचा ४के अडखळतो आणि तो कुठल्याही ओव्हरक्लॉकने सुधारत नाही. डिझाइनरकडून येणाऱ्या ४के एच२६४ फाइली एफएफएमपेग या प्रोग्रामने लिबएक्स२६५ वापरून एकदा हेव्हीसीत बदलून घ्या. लिब्रेइलेक सिस्टीमवर कोडी हा व्हिडिओ प्लेअर असेल तर मेनू १०८० ला ठेवून व्हाइटलिस्टमध्ये (परवानगी दिलेल्या मोडच्या यादीत) ३८४० चे मोड टिकवा. मेनू हलका राहतो, व्हिडिओ ४के ला जातो.

खरी परीक्षा मे महिन्यात. दुपारी एक ते चार दुकान अर्धं बंद, आत ३८ अंश. प्लॅस्टिकच्या केसमध्ये पाऊण तासात ८० अंश गाठले. ८० पासून प्रोसेसरचा वेग कापला जातो, ८५ ला जीपीयूचाही. पंख्याच्या केसमध्ये ६० च्या आत राहायचं, पण गठ्ठ्यांतून उडणारे सुताचे तंतू दीड महिन्यात पात्यांभोवती गुंडाळून पंखा घरघरायला लागला. कापडाच्या दुकानात पंखा नकोच. जाड अ‍ॅल्युमिनियमची केस, आत थर्मल पॅड, भिंतीपासून चार बोटं सुटी: त्याच दुपारी ६८ ते ७१. व्ही३डी ६०० वरून मूळ ५०० वर आणि ओव्हर_व्होल्टेज शून्यावर आणल्यावर आणखी तीन-चार अंश उतरले. तेव्हापासून ते तसंच आहे.

वीज. ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा सप्लाय घ्या; मोबाइलचा चार्जर आणि बारीक केबल ४.६३ व्होल्टच्या खाली घसरते. टर्मिनलमध्ये 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' ही कमांड चालवा. ०एक्स० आलं तर ठीक. ०एक्स५०००० म्हणजे बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं आणि वेग कापला गेला. ०एक्स५०००५ म्हणजे या क्षणीही तेच चालू आहे. कोअरचा वेग व्हिडिओ चालू असतानाच मोजा, निवांत असताना तो मुद्दाम खाली येतो.

वायफाय २.४ वर असेल तर ५ गिगाहर्ट्झवर न्या किंवा लॅन केबल ओढा. २५६०एक्स१४४० सारख्या काही एचडीएमआय मोडमध्ये २.४ चा सिग्नल मरतो.

लाइट जाते-येते तिथे पायचं मेमरी कार्ड खराब होणं ठरलेलं. रास्पी-कॉन्फिग या सेटिंगच्या प्रोग्राममधून ओव्हरले फाइल सिस्टीम चालू केली की बदल फक्त रॅममध्ये राहतात, कार्डावर लिहिणंच थांबतं. नवा व्हिडिओ टाकायचा असेल तर आधी ओव्हरले बंद, रीबूट, मग फाइल टाकून पुन्हा चालू. ही पायरी विसरलात तर फाइल संध्याकाळपर्यंत छान दिसते आणि सकाळी शटर उघडल्यावर गायब असते.