कपाशीसाठी पंप: पेट्रोलचा की चार्जिंगचा?

फवारणीचा पंप मागितला की दुकानदार आधी पेट्रोलचा पुढे करतो. त्याचंही चुकत नाही. सप्टेंबरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, छातीच्या वर गेलेली, पावसाची उघडीप दोनच दिवसांची, मजूर मिळेना. अशा वेळी चार्जिंगच्या पंपाने एकराला दहा-बारा टाक्या मारणं जिवावर येतं. पेट्रोलचा तेवढंच रान निम्म्या वेळात उरकतो आणि औषध झाडाच्या पोटापर्यंत पोचवतो. चार्जिंगवाल्याची बॅटरी दुसऱ्या हंगामात मंदावते, आणि रात्री लाइन गेली तर सकाळी पाठीवर नुसतं ओझं.

तरी दोन्ही वापरून मी चार्जिंगवर थांबलो.

पेट्रोलच्या पंपाला पाणी कमी लागतं, म्हणून कृषी विद्यापीठांच्या सल्ल्यांत साध्या पंपाची मात्रा देऊन खाली 'पॉवर स्प्रेसाठी तिप्पट' असं लिहिलेलं असायचं. म्हणजे टाकीतलं पाणीच तिप्पट जहाल, आणि थेंब इतका बारीक की वारा फिरला की सगळं धुकं फवारणाऱ्याच्या तोंडावर. हेही एक वेळ सांभाळून घेता येतं. पण त्या इंजिनाचा आवाज! वारा उलटला म्हणून बांधावरून कितीही ओरडा, माणूस मान खाली घालून त्याच ओळीत पुढे चाललेला. उंच पऱ्हाटीत हात हलवलेलाही दिसत नाही. जवळ जाऊन थांबवायचं तर आपणही त्याच धुक्यात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली, तेव्हा उंच वाढलेली पऱ्हाटी, पॉवर पंप आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवणं, ही सगळी कारणं चर्चेत आली होती. त्यानंतर हा आवाज मला नुसती कटकट वाटेनासा झाला.

चार्जिंगच्या पंपावर हाक दिली की माणूस थांबतो. माझ्यापुरतं तेवढं पुरलं.

दहा-पंधरा एकर कपाशी असेल तर पेट्रोलचा घेऊ नका असं मी म्हणणार नाही. फक्त डब्यावर लाल किंवा पिवळा त्रिकोण असलेलं, म्हणजे जास्त विषारी, औषध त्यात नको, आणि ढगाळ, वाऱ्याच्या दिवशी तो बाहेर काढू नका. चार-पाच एकरवाल्याने मात्र चार्जिंगचाच बघावा, जमल्यास डबल मोटरचा. जादा बॅटरीचा भाव त्याच वेळी करून घ्या, नंतर कोणी ऐकत नाही.