डुकराच्या केसांचा दाढीचा ब्रश: दिवाळी ते पावसाळा वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतर मी डुकराच्या केसांचा एक मोठा, इटालियन बनावटीचा दाढीचा ब्रश वापरायला घेतला. आता पावसाळा सरत आला आहे आणि त्याच्याविषयी ठामपणे काही लिहिता येईल इतका तो हातात रुळला आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिले आहे ते एका विशिष्ट ब्रशपेक्षा या जातीच्या ब्रशविषयी अधिक आहे. हा ब्रश घेणाऱ्या बहुतेकांची पहिल्या आठवड्यातील तक्रार एकच असते, ती म्हणजे तो राठ आहे. तो राठ असतोच. मात्र त्याचा राठपणा कोठून जातो, कोठून जात नाही आणि कशाने जातो, हे समजून घेतले तर पहिले दोन महिने पुष्कळ सुसह्य होतात.

केसांच्या झुबक्याचा व्यास 27 मिलिमीटरच्या आसपास, मुठीच्या वरची केसांची उंची सहा सेंटिमीटरहून थोडी अधिक आणि मूठ प्लास्टिकची, असा हा ब्रश आहे. नवा असताना तो कोरडाच तळहातावर दाबला तर केस वाकण्याऐवजी टोचत. अंगठा टोकांवरून फिरवला की करकर आवाज येई. गरम पाण्यात बुडवल्यावर ओल्या जनावराच्या अंगाला येतो तसा वास सुटे. वासाचा उपाय सोपा निघाला. साध्या शाम्पूने धुवून, नंतर दाढीच्या साबणाचा भरपूर फेस करून तो रात्रभर तसाच ब्रशात ठेवला आणि सकाळी धुतला. असे काही वेळा केल्यावर वास नाहीसा झाला. वासामुळे आरोग्याची शंका घेण्याचे मात्र कारण नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या, नीट निर्जंतुक न केलेल्या ब्रशांमुळे ब्रिटन आणि अमेरिकेत काही जणांना काळपुळी अर्थात अँथ्रॅक्स झाल्याची नोंद आहे. त्यानंतर केस निर्जंतुक करण्याबाबत कडक नियम आले आणि आज नामांकित ब्रशांचे केस त्या प्रक्रियेतून गेलेले असतात.

खरी अडचण फेसाची होती. वाटीत फेस छान फुलून येई, गालावर पहिला हातही नीट बसे, आणि दुसऱ्यांदा वस्तरा फिरवण्यापूर्वी पुन्हा फेस लावायला जावे तर ब्रश जवळजवळ रिकामा. साबण कमी पडत नव्हता. ब्रशच तो पोटात ठेवून घेत होता. डुकराचा केस पाणी स्वतःत शोषून घेतो आणि त्यामुळेच लवचिक होतो, तर बॅजर या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या केसांचा ब्रश पाणी मुख्यतः केसांच्या मधल्या जागेत धरून ठेवतो. म्हणून बॅजरचा ब्रश नुसता ओला करून चालतो, डुकराच्या केसांचा ब्रश मात्र आधी भिजवावा लागतो. आंघोळीला जाताना मगमधल्या कोमट पाण्यात केसांपुरता बुडवून ठेवला की बाहेर येईपर्यंत तो तयार असतो. मुठीपर्यंत बुडवू नये; मूठ लाकडी असेल तर विशेषच नको, कारण पाणी मुरून ती तडकते.

भिजवल्याने येणारा मऊपणा त्या दाढीपुरता असतो. कायमचा मऊपणा टोके दुभंगल्याने येतो. डुकराचा केस बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळता असतो आणि त्याच्या टोकाला मुळातच फाटे फुटण्याचा गुण असतो. वारंवार ओला होणे, त्वचेवर घासला जाणे आणि पूर्ण वाळणे या चक्रातून ते फाटे वाढत जातात. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास गळालेला एक केस मी भिंगाखाली पाहिला, तेव्हा त्याच्या टोकाला तीन बारीक फांद्या स्पष्ट दिसत होत्या, तर बुडाकडचा भाग नव्यासारखाच ताठ होता. म्हणजे चेहऱ्याला लागतो तो भाग मखमली होतो आणि त्यामागचा कणा तसाच राहतो. सिंथेटिक ब्रश पहिल्या दिवसापासून मऊ असतो आणि झटपट वाळतो, हे खरे. पण दाढीचे केस उचलून धरणारा आणि त्वचा किंचित खरवडणारा हा कणा त्यात मला सापडला नाही. अर्थात खरवडणे सर्वांना मानवते असे नाही.

हे सगळे घाईने घडवून आणण्याच्या ज्या युक्त्या इंटरनेटवर सुचवल्या जातात, त्यांच्याविषयी माझे मत फारसे चांगले नाही. ब्रश उकळत्या पाण्यात टाकल्याने केस ठिसूळ होतात आणि झुबका धरून ठेवणारा चिकट पदार्थ सैल होण्याची भीती असते. सँडपेपरवर किंवा विटेवर घासल्याने टोके दुभंगत नाहीत, तुटतात. आणि तुटलेले टोक दुभंगलेल्या टोकापेक्षा अधिक टोचते. केसांना लावायच्या कंडिशनरमध्ये बुडवून ठेवल्यास ब्रश हाताला गुळगुळीत लागतो खरा, परंतु तो लेप धुऊन जाईपर्यंत फेस धड होत नाही. उपयोगी पडली ती एकच गोष्ट: ज्या दिवशी दाढी करायची नसे, त्या दिवशीही संध्याकाळी तळहातावर साबणाचा फेस करायचा, ब्रश धुवायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. यात वाळणे हे घासण्याइतकेच महत्त्वाचे आहे, म्हणून दिवसातून चार वेळा ओला करून विशेष लाभ नाही.

बदल हळूहळू होत गेला. पहिल्या काही आठवड्यांत झुबका फुगला आणि त्याचा घेर वाढला. कपाटातल्या ज्या कप्प्यात तो आधी उभा राही तेथे तो मावेना. फेस खाण्याचे प्रमाण दुसऱ्या महिन्यात कमी झाले. त्याच सुमारास मी वाटी बाजूला ठेवून थेट गालावर फेस करू लागलो, कारण आता टोके गोल फिरवली तरी हनुवटीखाली आग होत नव्हती. त्याआधी केवळ वरखाली, रंग दिल्यासारखा हात फिरवणेच सोसवत असे. होळीच्या सुमारास एकदा भिजवलेल्या ब्रशाने तीन हात पुरतील इतका फेस धरला आणि तरीही तो शिल्लक राहिला. त्यानंतर तक्रारीला जागा उरली नाही.

उन्हाळ्यात मात्र एक वेगळाच प्रकार घडला, त्याबद्दल पुण्याच्या उपनगरांत राहणाऱ्यांनी लक्षपूर्वक वाचावे. आमच्या इमारतीला एरवी महापालिकेचे पाणी असते, पण एप्रिल-मेमध्ये बोअरचे आणि टँकरचे पाणी मिसळले जाते. त्या काळात ब्रश पुन्हा राठ झाल्यासारखा वाटू लागला आणि फेस पातळ पडू लागला. कारण पाण्याच्या जडपणात होते. दाढीचा साबण मुख्यतः स्टिअरिक आम्लाच्या पोटॅशियम आणि सोडियम क्षारांचा असतो. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यांच्याशी संयोग पावून पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार करतात आणि तो केसांच्या मुळाशी बसतो. दोन भांडी कोमट पाण्यात चमचाभर पांढरा व्हिनेगर घालून ब्रश काही मिनिटे बुडवला आणि स्वच्छ धुतला, तेव्हा वाटीच्या तळाशी आलेला पांढरट थर पाहून खात्री पटली. त्या दोन महिन्यांत दाढीपुरते पाणी फिल्टरचे घेतले.

पावसाळ्यात वाळणे हा मुख्य प्रश्न असतो. जुलैमध्ये न्हाणीघरात ठेवलेला ब्रश दुसऱ्या दिवशीही मुळाशी ओलसर लागे आणि कुबट वास येई. आता धुतल्यावर पाणी झटकतो, पंचावर टोके हलकेच पुसतो आणि खोलीत पंख्याखाली ठेवतो. तो उलटा टांगावा की उभा ठेवावा यावर लोक फार वाद घालतात. हवा खेळती असेल तर मला दोन्हींत फरक आढळला नाही. दोन ब्रश आलटून पालटून वापरणे हा सर्वांत चांगला उपाय आहे, पण एका दाढीसाठी घरात दोन ब्रश ठेवण्याचे समर्थन करणे प्रत्येकाला जमेल असे नाही.

केस गळण्याविषयीही नेहमी विचारले जाते. सुरुवातीच्या काळात रोज एखाद-दुसरा केस फेसात दिसे, नंतर थांबला. गळालेला केस नीट पाहावा. तो पूर्ण लांबीचा, बुडासकट आला असेल आणि असे केस महिन्यानंतरही येत राहिले, तर झुबका नीट चिकटवलेला नाही असे समजावे. आखूड तुकडे येत असतील तर केस ठिसूळ झाले आहेत आणि पाणी फार गरम वापरले जात आहे का ते तपासावे.

हा ब्रश कोणी घेऊ नये, हेही सांगितले पाहिजे. ट्यूबमधले क्रीम लावून पाच मिनिटांत दाढी उरकणाऱ्याला भिजवण्याची आणि महिनोन्महिने वाट पाहण्याची ही कटकट निरर्थक वाटेल. त्याने सरळ सिंथेटिक घ्यावा. डुकराचे केस ज्यांना धर्मामुळे किंवा शाकाहारामुळे चालत नाहीत त्यांनाही तोच पर्याय आहे. (1938 साली नायलॉनचे टूथब्रश बाजारात येईपर्यंत पाश्चात्त्य देशांत दातही याच केसांनी घासले जात, हे येथे सांगून कोणाचे मन वळेल असे मला वाटत नाही.) कडक साबणाची वडी वापरणाऱ्याला मात्र हा ब्रश विशेष उपयोगी पडेल, कारण वडीवरून भराभर साबण उचलण्याचे काम त्याचा ताठ कणा उत्तम करतो. किंमतही बॅजरच्या मानाने बरीच कमी असते.

घेताना एवढे अवश्य पाहावे की झुबक्याचा आकार केस रचून दिलेला आहे की वरून कात्री चालवून. इटलीतील ओमेगा किंवा पोर्तुगालमधील सेमोग यांच्यासारखे जुने कारखाने नैसर्गिक टोके राखलेले ब्रश बनवतात. बाजारात मिळणाऱ्या अगदी स्वस्त ब्रशांत टोके कापून सपाट केलेली पुष्कळदा आढळतात, आणि ज्याचे निमुळते टोकच कापले गेले आहे तो केस कितीही वापरला तरी खराट्यासारखाच राहतो. दुकानात हे ओळखायचे असेल तर ब्रश उजेडाकडे धरावा: नैसर्गिक टोके फिकट आणि विरळ होत गेलेली दिसतात, कापलेली टोके शेवटपर्यंत एकाच जाडीची.