मारामारीत मी आधी पाय बघते

मी ज्युदो शिकले आहे. त्यामुळे पडद्यावर कुणी कुणाला हाणलं की माझी नजर चेहऱ्याकडे न जाता पायांकडे जाते. माणूस कुठे उभा आहे, तोल कुठल्या पायावर आहे, पाठीमागे भिंत आहे की मोकळी जागा, एवढं कळलं की फटका खरा वाटतो. सेकंदासेकंदाला कट मारून, कॅमेरा गदागदा हलवून आणि वर ढोल बडवून जे दाखवतात, त्यात मला काही दिसतच नाही. दिसत नाही म्हटल्यावर धाकधूक तरी कशी वाटणार? गेल्या दोन-तीन वर्षांत जे ॲक्शनपट आणि गुन्हेपट पाहिले, त्यांच्याबद्दल याच कसोटीवर लिहिते आहे.

सगळ्यात वर 'किल'. निखिल नागेश भट यांचा, जुलै २०२४ मध्ये थिएटरात आलेला. जवळजवळ अख्खा सिनेमा दिल्लीला निघालेल्या राजधानी एक्सप्रेसमध्ये घडतो. डब्यातली बोळ इतकी अरुंद, की समोर दहा जण असले तरी अंगावर येणार एका वेळी एक, फार तर दोन. लक्ष्यने केलेल्या कमांडो अमृतला हात पुरता फिरवायला जागा नाही, म्हणून मारामारी छातीला छाती भिडवून होते आणि हाताला येईल ते हत्यार होतं, अगदी आग विझवायचं सिलिंडरसुद्धा. ॲक्शन से-यंग ओ आणि परवेझ शेख यांनी बसवली आहे. डब्याचं माप ते एकदाही विसरलेले नाहीत.

पण 'किल' मला आवडला त्याचं मोठं कारण वेगळं आहे. दरोडेखोरांची ती टोळी म्हणजे एक मोठं कुटुंबच आहे. एक जण पडला की कुणाचा काका गेलेला असतो, कुणाचा भाऊ. ते हंबरडा फोडतात, बिथरतात, आणि मग आणखी क्रूर होतात. खलनायकाच्या माणसांसाठी कुणी रडतंय, हे आपल्या ॲक्शनपटांत किती वेळा दाखवतात? राघव जुयालचा फणी तर हसता हसता अंगावर काटा आणतो. शेवटाकडे मात्र रक्त इतकं होतं की मन बधिर होतं आणि फटक्यांची किंमत उतरते. दहा मिनिटं कापली असती तर बरं झालं असतं. लहान मुलांना अजिबात दाखवू नका.

याच्या नेमका उलट्या टोकाचा 'रेबेल रिज', जेरेमी सॉल्निएचा, तोही २०२४ चाच, नेटफ्लिक्सवर आहे. टेरी नावाचा माजी मरीन सायकलवरून चुलतभावाच्या जामिनाचे पैसे घेऊन चाललेला असतो. पोलीस त्याला गाडीने पाडतात आणि जवळची ३६,००० डॉलरची रोकड संशयावरून जप्त करतात. अमेरिकेत असा कायदा खरोखर आहे. मालकावर गुन्हा दाखल न करताही पैसा जप्त होऊ शकतो आणि तो परत मिळवायला मालकानेच कोर्टकचेरी करायची. हे कळल्यावर माझं डोकं फिरलं. त्या पहिल्या प्रसंगात एक ठोसासुद्धा नाही, नुसती विचारपूस आणि मग बेड्या, तरी मी श्वास रोखून बसले होते. आरोन पिअरचा टेरी आवाज चढवत नाही. समोरच्याचा सांधा धरतो, जमिनीवर आणतो, हत्यार काढून घेतो आणि सोडतो. जीव न घेता माणसाला आवरणं किती अवघड असतं, हे मॅटवर घाम गाळलेल्या कुणालाही विचारा. उत्तरार्धात कागदपत्रं आणि कोर्टाच्या भानगडी जरा गुंतागुंतीच्या होतात, पण मला ते खटकलं नाही.

'जॉन विक ४' बद्दल बरंच बोलून झालं आहे. दिग्दर्शक चॅड स्टाहेल्स्की स्वतः स्टंटमन, 'द मॅट्रिक्स' मध्ये याच सिनेमाच्या नायकाचा, किआनू रीव्हजचा, डबल होता, आणि हे फ्रेमफ्रेममध्ये दिसतं. छत काढून टाकल्यासारखा कॅमेरा वरून खोल्याखोल्यांतली गोळीबारी दाखवतो तेव्हा प्रत्येक माणूस कुठे आहे ते आपल्याला जॉनच्या आधी कळतं. पॅरिसच्या २२२ पायऱ्यांवरची चढाई तर लाजवाब. पण गोळी न लागणारा सूट घालून, खिडकीतून खाली कोसळूनही हा उठून चालायला लागतो, तिथे माझी काळजी संपते. १६९ मिनिटं फार झाली. ऑस्करमध्ये २०२७ साली प्रदर्शित होणाऱ्या चित्रपटांपासून स्टंट डिझाइनला स्वतंत्र पुरस्कार मिळणार आहे. तो फार आधी मिळायला हवा होता.

'मिशन: इम्पॉसिबल – द फायनल रेकनिंग' (२०२५) चा पहिला तास नुसती बडबड आणि जुन्या भागांची उजळणी. नंतर समुद्राच्या तळाशी पाणबुडी गडगडते, आतले टॉर्पेडो घरंगळत येतात, संवाद जवळजवळ नाहीतच, आणि मी खुर्चीच्या टोकावर आले. वर-खाली दुहेरी पंख असलेल्या विमानावर टॉम क्रूझ लोंबकळतो तेव्हा वाऱ्याने त्याचे गाल अक्षरशः मागे ओढले जातात. हे संगणकावर बनवलेलं नाही, हे डोळ्यांना लगेच कळतं.

'महाराजा' (२०२४) मध्ये विजय सेतुपतीचा न्हावी पोलीस ठाण्यात तक्रार द्यायला जातो : घरातून लक्ष्मी चोरीला गेली. लक्ष्मी म्हणजे कचऱ्याचा डबा. पोलीस हसतात, मारतात, हाकलतात, तरी हा तिथेच उभा. त्या उभं राहण्यात मला सगळ्या वर्षातला उत्तम अभिनय दिसला. दिग्दर्शक निथिलन यांनी काळाचे तुकडे मागेपुढे करून कथा झकास विणली आहे. माझा राग एकाच गोष्टीवर आहे : बाईवरचा अत्याचार शेवटच्या धक्क्यासाठी राखून ठेवला आहे. ज्या मुलीच्या वाट्याला हे आलं, तिला त्या कथेत आणखी जागा हवी होती.

आणि ज्यांना फक्त एकच बघायचा आहे, रक्ताचा सडाही नको, त्यांनी हाँगकाँगचा 'ट्वायलाइट ऑफ द वॉरियर्स : वॉल्ड इन' (२०२४) लावावा. दिग्दर्शक सोइ चेंगने हाँगकाँगच्या काउलून भागातली 'वॉल्ड सिटी' ही दाट वस्ती सेटवर पुन्हा उभी केली आहे; खरी १९९० च्या दशकात पाडली गेली. गल्ल्या खांद्याएवढ्या, वर तारांचं जाळं, आणि माणसं भिंतीला पाय लावून लढतात. केन्जी तानिगाकी यांची ॲक्शन वेगवान आहे, तरी पाऊल कुठे पडलं ते प्रत्येक वेळी दिसतं. शेवटचा खलनायक शस्त्राने कापलाच जात नाही, ते मला फारसं पटलं नाही. लुई कूने केलेला वस्तीचा म्होरक्या सायक्लोन मात्र बघाच, सबटायटल लावून, मूळ कँटनीज आवाजात. डबिंगमध्ये त्याचा थकलेला खोकला हरवतो.