कार्यकारणाच्या गप्पा, मुक्काम शहादा

शहाद्यातील एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर महिन्यातून एका रविवारी सकाळी साथरोगशास्त्र आणि संख्याशास्त्र या विषयांवर गप्पांचा वर्ग भरतो. सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक डॉक्टर आणि महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका (सगळे त्यांना मॅडमच म्हणतात) समोरासमोर बसून बोलतात आणि श्रोत्यांनी मध्येच तोंड घालावे, अशी त्यांची अपेक्षा असते. शुल्क 50 रुपये असून त्यात चहा येतो. श्रोत्यांत आशा कार्यकर्त्या, आरोग्य उपकेंद्रांतील सिस्टर, एखाददुसरा वैद्यकीय अधिकारी, तालुक्याचे वार्ताहर आणि माझ्यासारखे कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शिकवणारे असतात. एवढ्या मिश्र मंडळींना ‘कशामुळे काय झाले’ हे ठरवण्याचे शास्त्र समजेल का, अशी शंका घेऊनच मी धुळ्याहून गेलो होतो. समजते, मात्र सगळे सारखेच समजते असे नाही, आणि जिथे गप्पा कमी पडतात तिथे त्या दोघांनी गप्पांचाच आग्रह धरला आहे.

येथे व्याख्येने सुरुवात होत नाही. ज्याला बोलायचे असेल त्याने आपल्या कामातले एक असे विधान आणायचे, ज्यात एका गोष्टीमुळे दुसरी घडते असा दावा आहे. मग मॅडम पहिला प्रश्न विचारतात : कोणाच्या तुलनेत? दुसरा प्रश्न डॉक्टरांचा : ते न करता काय झाले असते? पहिल्या बैठकीत हे प्रश्न फारच भाबडे वाटतात, पण कार्यकारणभावाच्या संख्याशास्त्राचा बराचसा डोलारा याच दोन प्रश्नांवर उभा आहे, हे हळूहळू ध्यानात येते.

सर्वांत रंगलेली बैठक सर्पदंशावरची होती. धडगावकडच्या एका सिस्टरांनी अनुभव मांडला : “भगतकडथून जो उना, तो वाचत नही.” आधी भगताकडे जाऊन मग दवाखान्यात येणारे रुग्ण दगावतात आणि थेट येणारे बरे होतात, हे त्यांनी नोंदवहीत वर्षानुवर्षे पाहिले होते. सभागृहात कोणालाच त्यात वावगे दिसले नाही. मॅडमनी खडू उचलला आणि गृहीत आकडे मांडले. समजा, साप चावलेली 200 माणसे आहेत. त्यांतील 100 थेट दवाखान्यात आली, 100 आधी भगताकडे गेली, आणि दोन्हीकडे प्रत्येकी 30 जणांच्याच अंगात विष भिनले. उरलेल्यांना बिनविषारी साप चावला, किंवा विषारी साप चावूनही त्याने विष सोडले नाही. असे प्रत्यक्षात पुष्कळदा घडते. थेट आलेल्या 100 जणांपैकी वेळेवर प्रतिविष मिळूनही 3 दगावले. भगताकडे गेलेल्यांपैकी 70 जणांना काही झालेच नव्हते, ते मंत्र ऐकून घरी गेले. विष भिनलेले 30 जण मात्र उशिरा दवाखान्यात आले आणि त्यांतील 6 दगावले.

आता नोंदवहीत काय दिसेल? थेट आलेल्यांत 100 पैकी 3, भगताकडून आलेल्यांत 30 पैकी 6, म्हणजे 3 टक्के आणि 20 टक्के, जवळपास सातपट. पण भगताकडे गेलेले सगळेच मोजले तर मृत्यू 100 पैकी 6 आहेत, म्हणजे दुप्पट. सिस्टरांचा निष्कर्ष दिशेने बरोबर होता, फक्त फुगलेला होता, कारण जे 70 जण बरे होऊन घरी बसले ते वहीत कधी आलेच नाहीत. तेवढ्यात मागच्या रांगेतून एका वार्ताहराने विचारले की मग भगताची एवढी ख्याती कशी. उत्तर फळ्यावरच होते : गावाला 100 पैकी 94 जिवंत दिसतात आणि ते सगळे भगताच्या खात्यावर जमा होतात. एकाच आकडेमोडीतून दवाखान्याला भगत आहे त्याहून वाईट का वाटतो आणि गावाला तो आहे त्याहून चांगला का वाटतो, या दोन्ही गोष्टी उलगडल्या. विज्ञान शिकवण्याच्या माझ्या इतक्या वर्षांत फळ्यावरच्या एका उदाहरणाने एवढे काम केलेले मी क्वचितच पाहिले आहे.

डॉक्टर मात्र दुपटीवरही थांबले नाहीत. थेट येणारी माणसे बहुधा डांबरी रस्त्याजवळची, भगताकडे जाणारी दूरच्या पाड्यांवरची. मग उशीर भगतामुळे झाला की अंतरामुळे? त्यांनी ‘अंतर’ हा शब्द लिहून त्याच्यापासून एक बाण ‘भगताकडे जाणे’ याकडे आणि दुसरा ‘मृत्यू’कडे काढला, आणि अशा दोन्हीकडे बाण सोडणाऱ्या घटकाला कन्फाउंडर म्हणतात, हे नाव अगदी शेवटी सांगितले. उपाय विचारल्यावर एका आशाताईंनीच सुचवले की एकाच पाड्यावरच्या माणसांची तुलना करावी. पुस्तकांत ज्याला स्तरांनुसार विश्लेषण म्हणतात ते हेच. नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे चावले असेल तर प्रतिविषाला पर्याय नाही आणि गेलेला प्रत्येक तास महागात पडतो, हेही डॉक्टरांनी निक्षून सांगितले. नाहीतर ‘भगत तेवढा वाईट नाही’ एवढेच घेऊन कोणी घरी गेले असते.

नोंदवहीच्या या फसवणुकीला इतिहास आहे आणि तोही त्यांनी नेटका सांगितला. केवळ रुग्णालयातल्या माणसांची तुलना केली तर नसलेले संबंध दिसू लागतात, हे अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी 1946 मध्ये दाखवले. पुढे 1950 मध्ये रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी लंडनच्या रुग्णालयांतील रुग्णांवरून धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मांडला, तेव्हा शंका घेणाऱ्यांत हेच बर्कसन होते. रोनाल्ड फिशर यांच्यासारख्या थोर संख्याशास्त्रज्ञाने तर धूम्रपानाची ओढ आणि कर्करोग या दोन्हींच्या मुळाशी आनुवंशिकता असू शकेल, असा मुद्दा लावून धरला. ते स्वतः पाइप ओढत, ही माहिती ऐकून सभागृह हसले. डॉल आणि हिल यांनी 1951 मध्ये ब्रिटनमधील डॉक्टरांनाच पत्रे पाठवून त्यांच्या सवयी नोंदवल्या आणि पुढे कोण कशाने मरते याचा अनेक वर्षे माग ठेवला. माणसे आजारी पडण्याआधीच मोजायला घेतल्यामुळे रुग्णालयाच्या दारातली ती चाळण येथे आडवी आली नाही. सर्पदंशाची बैठक ताजी असल्याने हा युक्तिवाद समजायला कोणालाही पाच मिनिटांपेक्षा जास्त लागली नाहीत.

चिठ्ठ्या टाकून गट पाडण्याची गोष्ट त्यांनी मद्रासच्या क्षयरोग अभ्यासावरून सांगितली. 1956 मध्ये सुरू झालेल्या त्या प्रयोगात काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांसाठीच्या खास रुग्णालयात, आणि काहींना घरीच औषधे देण्यात आली, आणि कोण कुठे जाणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर न सोडता यादृच्छिक पद्धतीने ठरवले गेले. दाटीवाटीच्या घरांत, बेताच्या अन्नावरही घरचे उपचार जवळपास तेवढेच गुणकारी ठरले आणि घरच्या माणसांना जादा धोकाही झाला नाही, म्हणून क्षयाची औषधयोजना सॅनेटोरियमच्या बाहेर येऊ शकली. गडचिरोलीतील डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नवजात बालकांवरील अभ्यासात मात्र चिठ्ठ्या नव्हत्या : 39 गावांत घरोघरी सेवा दिली गेली, 47 गावे तुलनेसाठी ठेवली गेली, आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांत नवजात मृत्यूंत सुमारे 62 टक्के घट दिसली. चिठ्ठ्या नसताना या घटीवर विश्वास का ठेवायचा, यावर अर्धा तास चर्चा झाली आणि ती उत्तम होती, कारण सेवा सुरू होण्याआधी दोन्हीकडची स्थिती कशी होती हे आधी पाहायला हवे, हा मुद्दा श्रोत्यांतूनच आला. बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी जाऊन फॉर्म भरणाऱ्या आशाताईंना आपल्या फॉर्मचे मूळ कुठे आहे हे त्या दिवशी पहिल्यांदा कळले, आणि काहींनी तसे बोलूनही दाखवले.

उणिवांविषयीही स्पष्ट लिहायला हवे. वृत्तपत्रातील ‘धोका 40 टक्क्यांनी वाढला’ या प्रकारच्या मथळ्यांवरची बैठक माझ्या मते फसली. हजारांत 5 जणांना होणारा आजार 7 जणांना होऊ लागला, तरी मथळा ‘40 टक्के वाढ’ असाच येतो, इथपर्यंत सगळे ठीक चालले होते. पण त्यानंतर जोखीम आणि ऑड्स (घडलेल्यांचे न घडलेल्यांशी प्रमाण) यांतला फरक, विश्वासमर्यादा (अंदाज कुठून कुठपर्यंत असू शकतो) आणि पी-मूल्य (खरा फरक नसतानाही निव्वळ योगायोगाने निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता) ही तिन्ही प्रकरणे उरलेल्या वेळात कोंबण्यात आली. हा भाग गप्पांनी होण्यासारखा नाही. त्यासाठी प्रत्येकाच्या हातात कागद हवा आणि दोनचार गणिते स्वतः सोडवून पाहायला हवीत. आयोजक टिपण देत नाहीत, कारण टिपण मिळाले की लोक बोलणे सोडून लिहायला लागतात, असे त्यांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. फळा पुसला की सर्पदंशाची ती सुंदर आकडेमोडही पुसली जाते, आणि उपकेंद्रात परतलेल्या सिस्टरांना ती इतरांना सांगायची असेल तर हाती काही राहत नाही. चहाच्या वेळी कोऱ्या रकान्यांचा एक कागद वाटला तरी पुष्कळ भागेल.

डॉक्टरांना स्वतःचे किस्से आवरत नाहीत आणि मॅडम त्यांना फारच मायेने बोलू देतात. पंख्याच्या घरघरीत मागच्या रांगेला अर्धे ऐकू येत नाही, तेव्हा पुढेच बसावे. अहिराणीत प्रश्न विचारता येतात आणि मॅडम उत्तरही अहिराणीतच देतात, याचे मोल मुंबई-पुण्याच्या व्याख्यानांना गेलेल्यांना चटकन कळेल. भिल्ली बोलणाऱ्या आशाताई मात्र अजून गप्पच बसतात. त्यांच्यासाठी कोणी दुभाष्या असावा असे मी सुचवले आहे आणि आयोजकांनी ते मान्य केले आहे.

संख्याशास्त्राची पदवी असलेल्यांना यात नवे सूत्र मिळणार नाही. वार्ताहरांनी मात्र जरूर जावे, आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांनी आपल्या माणसांना त्या रविवारी मोकळे सोडावे. नावनोंदणी लागत नाही, वाचनालयात आदल्या दिवशी सांगितले तरी चालते. पावसाळ्यात धडगावकडच्या मंडळींना परतीची एस.टी. मिळावी म्हणून वर्ग तासभर लवकर सुरू होतो, हे बाहेरगावच्यांनी लक्षात ठेवावे. हिवाळ्यातल्या बैठकीनंतर खाली भरीत आणि कळण्याची भाकरी असते, तिचे पैसे वेगळे.